समोरची खुर्ची

"साहेब, एक गंमत झालीय," असं ध्वनिमुद्रक म्हणाला तेव्हाच अर्थतज्ज्ञ सावध झाला, कारण या गृहस्थाला गेल्या चौदा वर्षांत कशाचीच गंमत वाटलेली नव्हती. ध्वनिमुद्रक पन्नाशीचा, जाडजूड, बारमाही सर्दीचा माणूस होता. खिशात घशाच्या गोळ्या बाळगायचा आणि जगातली कुठलीही बातमी, गोळी या गालातून त्या गालात सरकवून मगच सांगायचा. आताही त्याने गोळी सरकवली. "तुमचा माइक व्यवस्थित चालू होता. बाईंचाही चालू होता, पण त्याची वायर मागे खोचलेलीच नव्हती. एक तास बारा मिनिटं तुम्ही एकटेच बोलताय."

"आणि त्या?"

"त्या नाहीतच."

"अरे, पण तू कानाला हेडफोन लावून बसला होतास ना?"

"बसलो होतो ना," ध्वनिमुद्रक प्रांजळपणे म्हणाला. "काटा हलतोय एवढं बघत होतो. तुमचा हलत होता. दोनशे नव्याण्णव भाग झाल्यावर ऐकतं कोण हो साहेब?"

यावर रागवायला हवं होतं, आणि अर्थतज्ज्ञाने तसा प्रयत्नही केला, पण राग यायला जी थोडी ताकद लागते ती त्या दिवशी अंगात नव्हती. तो काचेच्या पलीकडच्या खोलीकडे बघत राहिला. तिथे हिरवं कापड अंथरलेलं गोल टेबल होतं, पाण्याचे दोन पेले होते आणि दोन खुर्च्या होत्या. त्यातली खिडकीकडची त्याची, दुसरी पाहुण्याची. या दुसऱ्या खुर्चीवरूनच कार्यक्रमाचं नाव ठेवलं होतं, 'समोरची खुर्ची'. चौदा वर्षांपूर्वी रेडिओ केंद्राच्या संचालकांनी त्याला बोलावून घेतलं होतं आणि म्हटलं होतं, तुमचं अर्थशास्त्र लोकांना कळत नाही, पण तुम्ही विचारता छान. तेव्हापासून त्या खुर्चीवर कोण कोण बसून गेलं होतं. हिमनद्या मोजणारा बसला होता, काचेच्या डोळ्यांत बुबुळं रंगवणारी बसली होती, तुंबलेल्या धरणाच्या तळाशी डोळे मिटून काम करणारा पाणबुड्या बसला होता. सगळी आपापल्या क्षेत्रातली पोचलेली माणसं. आणि प्रत्येकाला शेवटी तो आपला तो प्रसिद्ध प्रश्न विचारायचा. कुठलीही गोष्ट मिळवताना जी दुसरी गोष्ट हातची जाते तीच पहिलीची खरी किंमत, हा त्याच्या शास्त्राचा पहिलीतला धडा. त्यावरून त्याने तो प्रश्न केला होता: "हे सगळं मिळवताना तुम्ही काय सोडलंत?" लोक या प्रश्नासाठी रेडिओ लावून ठेवायचे. पाहुणे त्याची तयारी करून यायचे. एकदोघे रडलेही होते. आता केंद्राला तीनशेव्या भागावर कार्यक्रम थांबवायचा होता, आणि तीनशेवी पाहुणी म्हणून त्याने स्वतः त्या बाईंना निवडलं होतं. एकेचाळीस वर्षं नाटकाच्या विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारी प्रॉम्प्टर. नाटकवाले त्यांना आतल्याबाई म्हणायचे. त्याच नेमक्या आत राहून गेल्या होत्या.

"नुसतं तुमचंच ऐकायचंय का?" ध्वनिमुद्रकाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लावून दिलं. स्वतःचा आवाज ऐकायची अर्थतज्ज्ञाला सवय होती, किंबहुना थोडी आवडच होती. पण आजवर त्या आवाजाला शेजार असायचा. आता तो रिकाम्या घरात वाजणाऱ्या फोनसारखा येऊ लागला. "हं," असं तो आवाज म्हणाला. मग बराच वेळ काही नाही, फक्त पेला टेबलावर ठेवल्याचं एक टक्. मग "हं हं." मग "वा." मग "असं?" मग पुन्हा ती पसरट शांतता, आणि तिच्या शेवटी, एखाद्या सरकारी शिक्क्यासारखं, "हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे." कशाचा मुद्दा? अर्थतज्ज्ञाने डोळे मिटून आठवून बघितलं. बाईंची पांढरी कॅन्व्हासची चप्पल आठवली. उजव्या हाताच्या तर्जनीला ओळीवर बोट ठेवून ठेवून आलेला घट्टा आठवला. त्या फार हळू बोलत होत्या आणि त्यासाठी आपल्याला पुढे वाकावं लागत होतं, आणि वाकल्यामुळे कंबर भरून आली होती, हेही आठवलं. कंबर तर अगदी लख्ख आठवली. पण बाई काय बोलल्या होत्या त्यातलं एक वाक्य, एक अर्धं वाक्य, नावाला म्हणून एक शब्दसुद्धा, पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या एक तास बारा मिनिटांतून वर येईना.

मग त्याने तोच प्रयोग मागे मागे नेला, आणि हे त्याने करायला नको होतं. हिमनद्या मोजणाऱ्याने काय सोडलं होतं? आठवली ती त्याची दाढी. काचेच्या डोळ्यांवाली? आपण तिला विचारलं होतं की रंगवताना तुम्ही कुठल्या डोळ्याकडे बघता, उरलेल्या की गेलेल्या. प्रश्न फार सुंदर होता, दुसऱ्या दिवशी तिघांनी फोन करून तसं सांगितलंही होतं. तिने काय उत्तर दिलं? पाणबुड्याने हात पुढे करून काहीतरी दाखवलं होतं, पाण्यात चाचपल्यासारखं, आणि आपण घड्याळात बघितलं होतं, कारण मुद्रणाची वेळ संपायला चार मिनिटं उरली होती. दोनशे नव्याण्णव माणसं त्याच्यासमोर येऊन आपापलं आयुष्य उलटं करून झटकून गेली होती, आणि तो तिथे बसला होता तो पुढचा प्रश्न जुळवत. अवधान ही फार टंचाईची वस्तू आहे, असं त्याने तरुणपणी एका प्रबंधात लिहिलं होतं. प्रबंध गाजला होता. त्या वेळी ही टंचाई आपल्या स्वतःच्या घरातली आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. शास्त्रज्ञाने नमुना घरचा घेऊ नये असा संकेतच आहे.

ध्वनिमुद्रकाची गोळी संपली. ध्वनिफितीवरचा आवाज आता शेवटाकडे आला होता. "आणि हे सगळं मिळवताना तुम्ही काय सोडलंत?" असं त्याने बाईंना आपल्या ठेवणीतल्या खालच्या पट्टीत विचारलं. मग दोन-अडीच मिनिटांची शांतता, म्हणजे बाई बोलत असणार. मग त्याचंच एक "हं." आणि मग अशी शांतता, की तिच्यात कुणीच बोलत नव्हतं हे कळत होतं, कारण खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला, त्याच्या स्वतःच्या श्वासाचा आला, आणि मग घाईघाईने "धन्यवाद. नमस्कार" आला.

"अकरा सेकंद," ध्वनिमुद्रक म्हणाला. "इतकं गप्प तुम्ही चौदा वर्षांत बसला नाहीत. काय झालं होतं?"

"काय झालं होतं?" अर्थतज्ज्ञाने त्यालाच विचारलं.

घरी जाताना तो एक थांबा आधीच उतरून चालत निघाला. चालताना त्याला मंगळवार आठवला. खरं म्हणजे तो विसरलेला कधीच नव्हता. गेले तीन आठवडे हा मंगळवार त्याच्या बुटात खड्यासारखा होता. झालं होतं ते असं. एका सकाळी बायको त्याच्यासमोर बसून बराच वेळ काहीतरी बोलत होती आणि तो एका बुद्धिबळपटूला विचारायचे प्रश्न पावाच्या तुकड्याबरोबर चघळत होता. बोलण्याच्या शेवटी तिचा आवाज चढला, म्हणजे प्रश्न होता, आणि त्याने काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर होकारार्थी होतं एवढंच त्याला आठवत होतं, कारण त्यानंतर ती उठली होती आणि तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर, पुढल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, हिरव्या पेन्सिलीने बारीक फुली केली होती. ती पस्तीस वर्षं सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढत होती, तेव्हा तिची फुली जिथे असायला हवी तिथेच असणार. त्यानंतर दोनदा तिने विचारलं होतं, "मंगळवार लक्षात आहे ना?" आणि दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "हो तर. मंगळवार."

पुढे पुरावे जमू लागले. माळ्यावरची लहान बॅग खाली आली. नवीन सपाता आल्या, घरात घालायच्या, पण ती त्या घरात घालीना. दोन सैल, पुढे बटणांचे गाऊन धुऊन, इस्त्री करून बॅगेत गेले. शिवाय तिच्या बघण्यात काहीतरी बदल झाला होता. तो बोलायला लागला की ती मान जराशी तिरकी करायची, मालात खोट आहे का हे बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखी, आणि कधीकधी तर उत्तरच द्यायची नाही. अर्थतज्ज्ञाने रीतसर तीन तर्क मांडले. एक, ती तिच्या थोरल्या बहिणीकडे चार दिवस राहायला चाललीय. पण बहिणीकडे जाताना ती बटणांचे गाऊन नेत नाही, बहीण हसते. दोन, कुठेतरी सहल. पण सहलीला आपल्यालाही यायचं असेल तर आपली बॅग कुठाय? तिसरा तर्क त्याने मांडला आणि त्यावर दुसरा कागद ठेवला. ती कायमची चाललीय. तिने त्या सकाळी आपल्याला नीट, शांतपणे, कारणांसकट सांगितलं, विचारलं, आणि आपण होकार दिला. कदाचित "वा" सुद्धा म्हणालो असू.

सरळ विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. विचारणं हा तर त्याचा धंदा. परक्या माणसांना तो त्यांच्या मेलेल्या भावांबद्दल विचारू शकायचा, हरलेल्या डावांबद्दल विचारू शकायचा. पण "तू काय म्हणाली होतीस?" हा प्रश्न विचारायचा तर आधी एक कबुली द्यावी लागत होती, आणि ती एका सकाळपुरती राहिली नसती. एक धागा ओढला की सबंध स्वेटर. ती विचारणार, मग त्याच्या आधीच्या सकाळी? गेल्या वर्षी? मी कचेरी सोडली त्या दिवशी मी काय म्हणाले होते? त्या संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ती टेबलाशी पेन्सिलींना टोकं करत बसली होती. तो नेहमीच्या, तिच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "त्या प्रॉम्प्टर बाईंचं ध्वनिमुद्रण वाया गेलं." तिने मान तिरकी केली, काही बोलली नाही, आणि पेन्सिलीचं टोक बोटाने तपासून पुढची घेतली. आपल्यालाही काही ऐकायला मिळू नये अशीच वेळ आलीय, असं त्याला वाटलं, आणि तो निमूट सूप प्यायला.

शुक्रवारी सकाळी तो आतल्याबाईंच्या घरी गेला. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली होती, भिंतीला लागून नाटकांच्या जुन्या प्रती, सगळ्यांच्या कडा बोटांनी मऊ झालेल्या. खोलीत दिवा एकच, तोही खाली वाकवलेला, आणि बाई त्याच्या उजेडाच्या जरा बाहेर बसलेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, वाळक्या, आणि डोळ्यांत अशी एक चमक की कोण केव्हा अडखळतोय याची त्या वाटच बघतायत. त्याने वायरीचं सांगितलं. शब्द जमवून, माफी मागत सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"एकेचाळीस वर्षं माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जाऊ नये म्हणून जिवाचं रान केलं," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्यांदा तो जगाला ऐकवायला निघाले, तर हे. हाडाला सवय लागते हो. मग आता पुन्हा विचारणार सगळं?"

"विचारायला हवं. पण मला..." तो थांबला. "मला आपण काय म्हणालात ते नीटसं आठवत नाहीये. म्हणजे तुमची उत्तरं पुन्हा तशीच यावीत असं—"

"मग तुमचं लावा की. तुमचं वाक्य संपलं की माझं आपोआप येईल. असं सुटं विचाराल तर मला माझं नावसुद्धा यायचं नाही. वाक्य वाक्याला धरून येतं."

त्याने पिशवीतून लहान ध्वनिमुद्रण यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं, फीत लावली. "आपल्याबरोबर आज आहेत," असं त्याचा आवाज म्हणाला, आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की यंत्र एकच आणलंय. ते एक तर वाजवेल, नाहीतर टिपेल. दोन्ही एका वेळी त्याला जमत नाही. तो घामाघूम होऊन हे सांगू लागला, उद्या दुसरं घेऊन येतो म्हणू लागला.

"उद्या मी असेन की नाही कुणास ठाऊक," बाई आनंदाने म्हणाल्या. "म्हणजे आता तुम्हाला ऐकावंच लागणार म्हणा की. वाजवा."

आणि मग त्या अंधुक खोलीत, त्याच्याच आवाजाच्या फटींमधून, तो एक तास बारा मिनिटं भरू लागला. "हं," असं यंत्र म्हणालं की बाई बोलू लागायच्या, आणि पुढचं "हं" यायच्या नेमक्या आधी त्यांचं वाक्य संपायचं, जणू त्यानेच कापून ठेवलेल्या जागेत त्या वाक्य बसवत होत्या. पुढचा प्रश्न जुळवायची सोय नव्हती, कारण प्रश्न सगळे विचारून झाले होते. त्याच्या हाताला काही कामच नव्हतं. तो ऐकू लागला. आणि सवय नसलेल्या माणसाने एकदम चढ चढावा तशी त्याला धाप लागली. बाई सांगत होत्या की नट अडला तर त्याला अख्खं वाक्य कधी द्यायचं नसतं. अख्खं दिलं की तो पोपट होतो आणि मनातून रुसतो. पहिला शब्द द्यायचा, फक्त पहिला, तोही श्वासाइतका हलका. बाकीचं त्याच्या पोटात असतंच. "हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे," यंत्र म्हणालं, आणि अर्थतज्ज्ञाला पहिल्यांदाच पटलं की आहे. बाई सांगत होत्या की विसरणारा नट घाबरलेला असतो, तो बरा, तो हाताशी असतो. भीती वाटते ती न विसरणाऱ्याची. वाक्यं सगळी बरोबर येतात, हात योग्य जागी उचलले जातात, टाळीही पडते, आणि माणूस मात्र मागच्या दाराने केव्हाच घरी गेलेला असतो. विंगेतून ते फक्त प्रॉम्प्टरला दिसतं. अशा नटाला काय सांगणार? त्याला वाक्याची गरजच नसते.

इथे बाई थांबल्या, आणि फिरत्या यंत्राकडे बघत, अगदी त्या दिवशीच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा आत्ता माझं ऐकत नाही आहात. हो ना?"

आणि यंत्रातून त्याचा आवाज, सुजाण, उबदार, जरासा पुढे वाकलेला, म्हणाला, "अगदी खरंय. याचा थोडा विस्तार कराल?"

अर्थतज्ज्ञाने यंत्र बंद करायला हात पुढे केला, पण बाईंनी आपली ती घट्ट्याची तर्जनी त्याच्या मनगटावर ठेवली. "थांबा. मी विस्तार केला होता ना. चांगला चार मिनिटं केला होता."

"तुम्ही उठून का नाही गेलात?"

"अहो, प्रॉम्प्टर कशी उठेल? पडदा पडायचाय ना अजून."

फीत शेवटाकडे आली. काय सोडलंत, असं आवाजाने विचारलं, आणि आता तो आवाज अर्थतज्ज्ञाला ऐकवेना. बाई जरा गप्प राहिल्या, पण तेवढी जागा त्या दिवशीही त्यांनी घेतली असावी, कारण यंत्रानेही वाट बघितली. मग त्या म्हणाल्या, "स्वतःचं बोलणं सोडलं. ठरवून नव्हे. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं ओठात, घरी येईपर्यंत तोंड वापरलेलं. नवरा फार सोशिक होता. एकदा म्हणाला, आज तू तुझं असं एक वाक्य बोल माझ्याशी, कुणी न लिहिलेलं. मी खूप वेळ बसले. येईना. मग मी त्याला म्हटलं, तुम्ही पहिला शब्द द्या. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. तो उठून गेला. मी चेष्टा करत नव्हते." यंत्र म्हणालं, "हं." बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्ही काय सोडलंत?"

मग ते अकरा सेकंद आले. दोघांनी ते ऐकले. खुर्ची कुरकुरली, श्वास आला, धन्यवाद आलं, नमस्कार आला. नंतर खटका.

"त्या दिवशी माझा फक्त तेवढा एक प्रश्न तुम्ही ऐकलात," बाई म्हणाल्या. "मला बरं वाटलं होतं."

तो जिना उतरून रस्त्यावर आला तेव्हा दुपार झाली होती, आणि सगळीकडे माणसं बोलत होती. हे नवीनच होतं. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता की दाराला खालून घासलं की पावसाळ्यात अडत नाही. बसमध्ये एक बाई फोनवर "मी रडत नाहीये, मला शिंक आलीय" असं तीनदा म्हणाली. एवढं सगळं बोललं जातं जगात, आणि आपण त्यातून "हं" म्हणत निघून आलो, असा विचार करता करता तो इतका दमला की खिडकीला डोकं टेकून बसला. काय सोडलं, हे त्याला आता साधारण मोजता येत होतं. पण ज्याचं मोजमाप हवं होतं त्यावर हिरवी फुली होती, आणि ती चार दिवसांवर आली होती.

बायको जेवणाच्या टेबलाशीच होती. समोर मोठा कागद पसरून ती घराचा नकाशा काढत होती. त्यात कपाटं होती, फडताळं होती, प्रत्येकावर बारीक सुबक अक्षर: डाळी, दिव्याचे बल्ब, विजेची बिलं, तुमचे मोजे. हे बघताच त्याचा तिसरा तर्क कागदाखालून आपणहून वर आला. तो तिच्या डाव्या बाजूला, नेहमीच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळवारी तू कुठे चालली आहेस?"

तिने मान तिरकी केली. पेन्सिल चालत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

तेव्हा तिने वळून बघितलं. "काय म्हणालात?"

"मंगळवारी काय आहे ते मला माहीत नाही. तू त्या दिवशी सांगितलंस, ते मी ऐकलं नव्हतं. एक अक्षरसुद्धा." आणि मग, आता ओढलाच आहे धागा तर, "तू मला सोडून चालली आहेस का?"

मग तिचा ओठ हलला, आणि हसू येतंय की काय असं त्याला वाटलं. "कुठे जाणार मी? इस्पितळात चाललेय. कानाचं ऑपरेशन आहे."

"कानाचं?"

"कानाच्या आत, नसेवर गाठ आहे. साधी आहे, वाटाण्याएवढी, पण वाढतेय. काढली तर हा डावा कान पूर्ण जाईल. ठेवली तर पुढे तोल जाईल, चेहरा लुळा पडायचीही भीती आहे. हे सगळं सांगितलं होतं मी. आणि विचारलं होतं, करून टाकू का?"

"मी काय म्हणालो?"

"जरूर म्हणालात. यातून पुष्कळ शिकायला मिळेल, म्हणालात."

तो खुर्चीत बसला.

"मी ऐकत नव्हतो हे तुला कळलं होतं?"

"अहो, न कळायला काय झालं? दुसऱ्यांदा सांगायला लागले तर तुम्ही विस्तार करायला सांगितलंत. तोही केला मी. डॉक्टरांनी काढून दिलेलं चित्रसुद्धा दाखवलं. तुम्ही म्हणालात, फार बोलकं आहे."

"आणि माझ्या त्या 'जरूर'वर तू—"

"छे हो. ठरवलं मी माझं मीच. पण एवढा निर्णय घ्यायचा, तर घरात कुणाला तरी विचारल्यासारखं व्हावं, इतकंच." ती हे न रागावता म्हणाली. रागावली असती तर त्याला कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली असती. तिने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. "मला वाटलं होतं, मंगळवारी सकाळी बॅग घेऊन निघाले की मग कळेल तुम्हाला. फार झालं तर बुधवारी."

म्हणून ती तिरकी मान. चांगला कान त्याच्याकडे वळवायला. आणि तो महिनोन् महिने नेमका उतरत्या कानाच्या बाजूला बसून तिच्याशी बोलत होता, आणि तिच्या गप्प राहण्याचे अर्थ लावत होता. तो उठला आणि खुर्ची ओढत पलीकडे, तिच्या उजव्या बाजूला न्यायला लागला.

"नको," ती म्हणाली. "तिकडे नंतर आहेच की. याच बाजूला बसा. मंगळवारपर्यंत आहे हा कान. अगदी जवळ येऊन कुणी बोललं तर अजून येतं यात ऐकू. परवा नळ गळत होता तोसुद्धा आला." तिने डाव्या कानावरचे केस मागे घेतले. कान लहान होता, पाळीला एक जुनं, बुजलेलं छिद्र होतं. चाळीस वर्षांत त्याने ते इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. "बोला काहीतरी यात."

"काय बोलू?"

"बघा. लगेच प्रश्न." ती समोर भिंतीकडे बघत होती. "प्रश्न सोडून काहीही."

तो खुर्ची सरकवून जवळ बसला, इतका की त्याचा श्वास तिच्या केसांना लागत होता. तीनशे तास बोललेला माणूस तोंड उघडून बसला होता, आणि आत, खाली, पार तळापर्यंत, एकही वाक्य नव्हतं ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी पलंग सरकवला. त्याने मनात मोजलं. नको असताना मोजलं गेलं. अकरा झाले. बारा झाले. वीस झाले. तिने मान हलवली नाही, कान मागे घेतला नाही.

"मला..." ती हळूच म्हणाली. भिंतीकडेच बघत, श्वासाइतकं हलकं. आणि थांबली.

"मला," तो म्हणाला. पुढचं वाक्य एके काळी त्याला पाठ होतं. ती वाट बघत होती.